लिनक्स सर्व्हरला स्थिर आयपी पत्ता कसा द्यावा

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयात उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर चालणारा एक सर्व्हर आहे. पुस्तकांची देवघेव, सभासदांच्या नोंदी आणि ग्रंथसूची हे सारे काम त्यावरील 'कोहा' या प्रणालीतून होते. पावसाळ्यातल्या एका रात्री तेथे वीज गेली ती पहाटे आली, आणि सकाळी देवघेवीच्या टेबलावरील संगणकावर कोहा काही केल्या उघडेना. सर्व्हर चालू होता, केबल जागेवर होती, स्विचवरचे दिवे लुकलुकत होते. बिघाड कशातच नव्हता. आदल्या दिवसापर्यंत १९२.१६८.१.१०५ या आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कवरील ओळखक्रमांकावर, असलेला सर्व्हर आता १९२.१६८.१.१०७ वर गेला होता आणि १०५ हा पत्ता वाचनकक्षातील एका संगणकाला मिळाला होता, एवढेच घडले होते.

असे का होते हे आधी समजून घेतले म्हणजे पुढची प्रत्येक पायरी आपोआप उलगडते. नेटवर्कला जोडलेले यंत्र सुरू झाले की ते 'मला पत्ता द्या' अशी हाक देते, आणि राउटरमधील डीएचसीपी सेवा आपल्याकडील साठ्यातून एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी त्याला देते. या मुदतीच्या पत्त्याला लीज म्हणतात. निम्मी मुदत उलटली की यंत्र तोच पत्ता पुन्हा मागते आणि बहुधा तो मिळतोही, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता बदलत नाही आणि तो कायमचा आहे असा आपला समज होतो. परंतु पुष्कळसे लहान राउटर ही नोंद केवळ चालू स्मृतीत ठेवतात. वीज गेली की नोंद पुसली जाते, आणि वीज आल्यावर जे यंत्र आधी जागे होईल त्याला साठ्यातील सुरुवातीचा पत्ता मिळू शकतो. सर्व्हरला सुरू व्हायला साध्या संगणकापेक्षा अधिक वेळ लागत असल्याने या शर्यतीत तो मागे पडणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या यंत्राकडे इतर सर्व यंत्रांनी यायचे, त्याचा पत्ता असा नशिबावर सोपवून चालत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंटरनेट पुरवठादार वेगळे पैसे घेऊन जो 'स्टॅटिक आयपी' देतात तो निराळा. तो आपल्या राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, जगाला दिसणारा पत्ता असतो. आपण येथे सर्व्हरला जो पत्ता देणार आहोत तो राउटरच्या आतल्या बाजूचा, खासगी नेटवर्कमधला आहे आणि त्यासाठी कोणालाही विचारावे लागत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या आरएफसी १९१८ या मानकानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तसेच आपला सर्व्हर एखाद्या क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेतलेले आभासी यंत्र असेल, तर या लेखातील कृती तेथे करू नये. तेथे पत्ता कंपनीच्या नियंत्रण पानावरून बांधून घ्यायचा असतो आणि यंत्राच्या आत डीएचसीपी तसेच चालू ठेवायचे असते.

पुढील विवेचन उबुंटू सर्व्हर आणि त्यातील नेटप्लॅन या नेटवर्कची मांडणी करणाऱ्या साधनाविषयी आहे. नेटप्लॅन ऑक्टोबर २०१७ मधील उबुंटू १७.१० पासून मूळ व्यवस्थेचा भाग झाले, त्यामुळे १८.०४, २०.०४, २२.०४ आणि २४.०४ या दीर्घकालीन आवृत्त्यांवर हीच रीत चालते. कमांड, फाइलींची नावे आणि फाइलीतील शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत.

प्रथम आजची स्थिती कागदावर उतरवून घ्यावी. 'आयपी ए' ही कमांड दिली की यंत्रातील प्रत्येक नेटवर्क जोडणीचे नाव आणि पत्ता दिसतो. 'एलओ' नावाची जोडणी यंत्राची स्वतःशी असते, ती सोडून द्यावी. आपल्याला हवी असलेली जोडणी 'ईएनपी३एस०', 'ईएनओ१' किंवा 'ईएनएस३३' अशा नावाची असेल. हे नाव यंत्रागणिक वेगळे असते, म्हणून ते दुसऱ्या कोणाच्या उदाहरणातून उचलू नये, आपल्याच पडद्यावरून जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्याच ओळींत पत्त्यापुढे 'डायनॅमिक' हा शब्द आणि त्याखाली मुदतीचे उरलेले सेकंद दिसत असतील, तर तो पत्ता लीजवर आलेला आहे असे समजावे. आपले काम पूर्ण झाले की तेथे सेकंदांच्या जागी 'फॉरएव्हर' दिसू लागेल. ही खूण लक्षात ठेवावी, ती शेवटी पडताळणीसाठी लागणार आहे.

त्यानंतर 'आयपी राउट' ही कमांड द्यावी. 'डिफॉल्ट व्हाया' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीत जो पत्ता दिसतो तो गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा. लहान कार्यालयांत तो राउटरचाच पत्ता असतो. नावांवरून पत्ते शोधून देणारे डीएनएस सर्व्हर कोणते आहेत हे 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' या कमांडने कळते. 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलीत डोकावले तर तेथे १२७.०.०.५३ असा पत्ता दिसेल. तो यंत्रातीलच एका मध्यस्थ सेवेचा पत्ता आहे, खऱ्या डीएनएस सर्व्हरचा नव्हे, म्हणून तो नव्या मांडणीत उतरवू नये.

आता पत्ता निवडायचा, आणि या निवडीला सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, कारण फाइल लिहिताना झालेली चूक लगेच उघड होते, पण निवडीतली चूक तीन महिन्यांनी एखाद्या गर्दीच्या दिवशी उघड होते. राउटरच्या नियंत्रण पानावर जाऊन डीएचसीपीचा साठा कोठून कोठपर्यंत आहे ते पाहावे. तो, पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात सांगायचे तर, १०० ते १९९ असा असेल तर १० ते ५० यांमधला एखादा पत्ता सर्व्हरसाठी घ्यावा. साठा २ ते २५४ असा संपूर्ण पसरलेला असेल तर आधी तो आवळून १०० पासून सुरू करावा आणि मगच खालचा पत्ता निवडावा. सध्या मिळालेलाच पत्ता पक्का करून टाकण्याचा मोह टाळावा. तो साठ्यातला असल्याने उद्या राउटर तोच पत्ता दुसऱ्या यंत्रालाही देऊ शकतो, आणि एका पत्त्यावर दोन यंत्रे आली म्हणजे कधी पान उघडते, कधी उघडत नाही, कधी अर्धवट उघडते असा छळ सुरू होतो. सर्व्हर अजिबात बंद असण्यापेक्षा हे वाईट, कारण कारणच सापडत नाही.

निवडलेला पत्ता मोकळा आहे ना, हे पाहण्यासाठी केवळ पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' असे पत्त्याला विचारणाऱ्या कमांडवर, विसंबू नये. विंडोजचे संगणक आपल्या फायरवॉलमुळे पुष्कळदा पिंगला उत्तर देत नाहीत आणि काही प्रिंटरही गप्प राहतात. 'एआरपिंग' ही कमांड यासाठी अधिक भरवशाची आहे, कारण ती ज्या एआरपी पद्धतीने 'हा पत्ता कोणाचा?' अशी विचारणा करते तिला उत्तर दिल्याशिवाय स्थानिक नेटवर्कवर कोणत्याही यंत्राला वावरताच येत नाही. जोडणीचे नाव देऊन तीन वेळा विचारणा करावी, आणि तीही दिवसा, सर्व संगणक आणि प्रिंटर चालू असताना. बंद यंत्र उत्तर देत नाही, पण पत्त्यावरचा त्याचा दावा कायम असतो.

आता फाइलीकडे वळू. नेटप्लॅनच्या फाइली 'ईटीसी' या फोल्डरातील 'नेटप्लॅन' या फोल्डरात असतात आणि त्यांच्या नावाच्या शेवटी 'यामल' हे विस्तारनाम असते. तेथे बहुधा एकच फाइल सापडेल, '५०-क्लाउड-इनिट' किंवा '००-इन्स्टॉलर-कॉन्फिग' अशा नावाची. बदल करण्यापूर्वी तिची प्रत करून आपल्या होम फोल्डरात ठेवावी. प्रत त्याच फोल्डरात आणि यामल याच विस्तारनामाने कधीही ठेवू नये, कारण नेटप्लॅन त्या फोल्डरातील सर्व यामल फाइली नावाच्या क्रमाने वाचून एकत्र करते, आणि आपण जपून ठेवलेली जुनी प्रतच नव्या मांडणीत मिसळून जाते.

फाइल 'क्लाउड-इनिट' या नावाची असेल तर एक जास्तीची खबरदारी हवी. ती फाइल क्लाउड-इनिट ही यंत्राची सुरुवातीची मांडणी करणारी सेवा तयार करते आणि काही परिस्थितींत यंत्र पुन्हा सुरू होताना नव्याने लिहूनही टाकते. तशी ताकीद पुष्कळदा फाइलीच्या माथ्यावरच दिलेली असते. म्हणून 'ईटीसी', त्यात 'क्लाउड', त्यात 'क्लाउड.सीएफजी.डी' या फोल्डरात '९९-डिसेबल-नेटवर्क-कॉन्फिग.सीएफजी' अशी फाइल करावी आणि तिच्यात एकच ओळ लिहावी: नेटवर्क, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे, एक स्पेस, आणि मग महिरपी कंसात 'कॉन्फिग: डिसेबल्ड'. यानंतर क्लाउड-इनिट नेटवर्कच्या मांडणीला हात लावत नाही.

आता मुख्य प्रश्न येतो. तुम्ही सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसला असाल तर चूक झाली तरी सुधारता येते. पण बहुतेक वेळा आपण एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून कमांड देण्याच्या सुरक्षित सोयीने, दुरून आत शिरलेले असतो, आणि ज्या फांदीवर बसलो आहोत तीच फांदी तोडायचे काम हाती घेतलेले असते. म्हणून हे काम एका झटक्यात न करता दोन टप्प्यांत करावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या टप्प्यात जुना पत्ता तसाच ठेवून नवा पत्ता केवळ जोडायचा, आणि नव्या पत्त्यावरून आत शिरता येते याची खात्री झाल्यावरच दुसऱ्या टप्प्यात जुना काढायचा.

पहिल्या टप्प्यासाठी फाइल 'सुडो नॅनो' ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने साध्या संपादकात, उघडावी. तेथे जोडणीच्या नावाखाली 'डीएचसीपी४: ट्रू' अशी ओळ असेल. तिला धक्का न लावता तिच्याखाली, तितकेच अंतर सोडून, 'ॲड्रेसेस:' अशी ओळ लिहावी आणि त्याखाली आणखी दोन स्पेस आत जाऊन एक आडवी रेघ, एक स्पेस आणि नवा पत्ता १९२.१६८.१.१०/२४ असा लिहावा. पत्त्यामागचा तिरपा दंड आणि २४ हा आकडा वगळू नये. पत्त्यातील पहिले २४ बिट नेटवर्कचे आणि उरलेले यंत्राचे, असा त्याचा अर्थ आहे. जुन्या पद्धतीत हेच २५५.२५५.२५५.० असे लिहीत असत, आणि अशा नेटवर्कमध्ये यंत्रांना देण्याजोगे २५४ पत्ते असतात. हा आकडा लिहायचा राहिला तर नेटप्लॅन फाइल स्वीकारतच नाही.

यामल फाइलीत शब्दांइतकेच डावीकडच्या मोकळ्या जागेला महत्त्व असते. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे त्या जागेवरूनच ठरते. ही जागा स्पेसबारनेच सोडावी, टॅब वापरू नये. टॅब वापरला तर नेटप्लॅन तसे स्पष्ट सांगून थांबते आणि चूक कोणत्या ओळीत, कितव्या स्थानी आहे तेही दाखवते. एकाच पातळीवरील ओळी एकाखाली एक तंतोतंत याव्यात. फोनवरून कोणाला मजकूर सांगताना मी प्रत्येक ओळीआधी 'चार स्पेस', 'सहा स्पेस' असे मोजून सांगतो, आणि समोरच्याने ते मोजूनच टंकावे हे बरे.

फाइल जतन केल्यावर 'सुडो नेटप्लॅन ट्राय' ही कमांड द्यावी. ही कमांड नवी मांडणी लागू करते आणि १२० सेकंद उलटे मोजू लागते. तेवढ्यात एंटर दाबला तर बदल राहतो, न दाबला तर जुनी मांडणी आपोआप परत येते. 'नेटप्लॅन अप्लाय' मध्ये अशी माघार नाही, म्हणून दुरून काम करताना तिला हात लावू नये. एकदा ग्रंथालयाच्या याच सर्व्हरवर मी घरून काम करत असताना गेटवेच्या ओळीत शेवटचा आकडा १ ऐवजी ११ असा पडला. ट्राय दिल्याबरोबर पडदा गोठला, कारण सर्व्हरचे उत्तर बाहेर यायचा दरवाजाच चुकला होता. काही न करता घड्याळाकडे पाहत बसलो. दोन मिनिटे उलटली, आणि पडद्यावर पुन्हा अक्षरे उमटली. अप्लाय दिले असते तर ते ग्रंथालय दुसऱ्या दिवशी कोणीतरी समोर जाऊन बसेपर्यंत बाहेरून बंद राहिले असते.

एंटर दाबून पहिला टप्पा पक्का झाला की आपल्या संगणकावर दुसरी खिडकी उघडून नव्या पत्त्यावर एसएसएच करावे. पत्ता नवा असल्याने एसएसएच यंत्राची ओळख पुन्हा विचारील. तेथे दिसणारा ठसा जुन्या पत्त्यावर नोंदलेल्या ठशाशी जुळतो का ते पाहूनच होकार द्यावा. तो जुळला नाही तर तुम्ही दुसऱ्याच कोणत्या यंत्राशी बोलत आहात, म्हणजेच निवडलेला पत्ता मोकळा नव्हता.

दुसरा टप्पा या नव्या खिडकीतूनच करावा. जुन्या पत्त्यावरच्या खिडकीतून केला तर डीएचसीपी बंद होताच ती खिडकी गोठेल, एंटर सर्व्हरपर्यंत पोहोचणार नाही आणि अचूक लिहिलेली मांडणीसुद्धा दोन मिनिटांनी मागे फिरेल. अनेकांना 'ट्राय चालतच नाही' असे वाटते त्याचे कारण हेच असते. आता फाइल पुन्हा उघडून तिचा मजकूर पुढीलप्रमाणे करावा:

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  इथरनेट्स:
    ईएनपी३एस०:
      डीएचसीपी४: फॉल्स
      ॲड्रेसेस:
        - १९२.१६८.१.१०/२४
      राउट्स:
        - टू: डिफॉल्ट
          व्हाया: १९२.१६८.१.१
      नेमसर्व्हर्स:
        ॲड्रेसेस:
          - १९२.१६८.१.१
          - ८.८.८.८

आतापर्यंत गेटवे आणि डीएनएस ही माहिती डीएचसीपी पुरवीत होते. ते बंद केल्यावर दोन्ही गोष्टी आपणच सांगाव्या लागतात, म्हणून 'राउट्स' आणि 'नेमसर्व्हर्स' हे भाग नव्याने आले. 'व्हाया' ची ओळ 'टू' या शब्दाच्या बरोबर खाली यायला हवी, आडव्या रेघेखाली नव्हे. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये गेटवेसाठी 'गेटवे४' हा शब्द आढळतो. तो आता कालबाह्य ठरवला गेला असून वापरल्यास नेटप्लॅन इशारा देते. उलट एखाद्या फार जुन्या आवृत्तीला 'डिफॉल्ट' हा शब्द कळला नाही तर त्याजागी ०.०.०.०/० लिहावे. डीएनएससाठी पहिला पत्ता राउटरचा आणि दुसरा बाहेरच्या एखाद्या सेवेचा द्यावा. ८.८.८.८ हा गूगलचा आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ ही चालतो. कार्यालयाचा स्वतःचा अंतर्गत डीएनएस असेल तर मात्र केवळ त्याचेच पत्ते द्यावेत, नाहीतर आतल्या यंत्रांची नावे कधी सापडतील आणि कधी सापडणार नाहीत.

पुन्हा 'सुडो नेटप्लॅन ट्राय' द्यावे. मोजणी चालू असेपर्यंत आणखी एका खिडकीतून तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. प्रथम गेटवेला पिंग करावे. ते पोहोचले म्हणजे पत्ता आणि २४ हा आकडा बरोबर आहेत. मग ८.८.८.८ ला पिंग करावे. ते पोहोचले म्हणजे गेटवेची ओळ बरोबर आहे. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करावे. पत्त्याला पिंग पोहोचते आणि नावाला पोहोचत नाही, तर दोष फक्त नेमसर्व्हर्सच्या भागात आहे. तिन्ही जमले की ट्राय चालू असलेल्या खिडकीत येऊन एंटर दाबावा. फाइल इतरांना वाचता येण्याजोगी आहे अशी तक्रार नेटप्लॅन करत असेल तर 'सुडो सीएचमॉड ६००' देऊन ती फक्त रूटपुरती, म्हणजे मुख्य प्रशासकापुरती, ठेवावी.

यंत्राला दोन नेटवर्क जोडण्या असतील आणि त्यांपैकी एकीला केबलच लावलेली नसेल, तर सुरू होताना सर्व्हर नेटवर्कची वाट पाहत दोन मिनिटे खोळंबू शकतो. त्या रिकाम्या जोडणीच्या नावाखाली 'ऑप्शनल: ट्रू' अशी ओळ लिहिली की हा खोळंबा टळतो.

रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर, म्हणजे रॉकी आणि अल्मा यांवरही, नेटप्लॅनऐवजी नेटवर्कमॅनेजर असते. तेथे 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' या एकाच कमांडमध्ये पत्ता, गेटवे, डीएनएस आणि 'मॅन्युअल' ही पद्धत अशी चारही मूल्ये द्यावीत, कारण पत्ता न देता पद्धत बदलू पाहिल्यास ती नाकारली जाते. त्यानंतर 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' दिल्यावर बदल लागू होतो. येथे आपोआप माघार नाही, म्हणून दोन टप्प्यांची रीत तेथे अधिकच पाळावी.

हे सारे टाळून राउटरमध्येच सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक क्रमांकासाठी, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासाठी, पत्ता राखून ठेवण्याचाही मार्ग आहे, आणि प्रिंटर किंवा कॅमेऱ्यासारख्या यंत्रांसाठी तोच सोयीचा. परंतु राउटर जळाला आणि नवा आला, किंवा सर्व्हरचे नेटवर्क कार्ड बदलले, की ती राखीव नोंद निरुपयोगी ठरते. सर्व्हरचा पत्ता सर्व्हरच्याच फाइलीत असावा हे मला अधिक पटते.

पत्ता पक्का झाल्यावर दोन कामे उरतात. जेथे जेथे जुना पत्ता लिहिलेला आहे त्या जागा शोधाव्यात: टेबलावरील संगणकांचे बुकमार्क, बॅकअपची स्क्रिप्ट, फायरवॉलचे नियम, राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग आणि इतर यंत्रांच्या 'होस्ट्स' फाइली. मग गर्दी नसलेली वेळ पाहून सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. हे टाळू नये, कारण क्लाउड-इनिटने फाइल पुन्हा लिहिली की नाही हे यंत्र नव्याने सुरू झाल्यावरच कळते. 'आयपी ए' मध्ये पत्त्यापुढचा 'डायनॅमिक' शब्द जाऊन 'फॉरएव्हर' आलेला दिसला आणि 'आयपी राउट' मध्ये डिफॉल्टच्या ओळीत 'डीएचसीपी' ऐवजी 'स्टॅटिक' दिसले, म्हणजे काम झाले. ग्रंथालयातील सर्व्हरच्या पेटीवर मी पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर जोडणीचे नाव, पत्ता, गेटवे, फाइलीचे नाव आणि बदलाची तारीख लिहून ठेवली. तीच नोंद राउटरजवळच्या वहीत आहे, आणि १० ते ५० यांमधला पत्ता कोणाला द्यायचा झाला तर आधी ती वही उघडायची असे तेथे ठरले आहे.